देवळीच्या केटररची पंगत

मिरवणुकीचा डीजे आमच्या बुद्धविहारासमोर थांबला, त्यावरून कुणब्यांच्या आणि आमच्या पोरांची डोकी फुटली आणि गावातलं बोलणं बंद झालं. मग शांतता समितीनं सहभोजन ठरवलं. स्वयंपाक कोणाच्या हातचा, हा प्रश्नच नको, म्हणून देवळीचा केटरर सांगितला. सगळे म्हणाले, काय डोकं चालवलं! माझा संताप झाला. अहो, प्रश्न तोच तर होता.

आमच्या शेताला लागून जिचं शेत आहे ती कुणब्याची, आम्ही बौद्ध. तिनं माझ्या हातची वांग्याची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आमची लेकरं रांगत होती. तेव्हापासून दुपारी धुऱ्यावर, दोन्ही शेतांमधल्या बांधावर, बाभळीखाली आम्ही एकत्रच जेवायचो. मारामारीनंतर तिच्या मुलानं ते बंद केलं.

पंगतीला मी गंजभर, म्हणजे पातेलंभर, वांग्याची भाजी घेऊन गेले. समितीचा अध्यक्ष धावत आला.

"काकू, हे काऊन आनलं? केटरर हाय ना!"

"केटररसंग माहं भांडन नाई," मी म्हटलं आणि सरळ तिच्या ताटात वाढली.

तिनं भाजीकडे पाहिलं. "तेल लय ओतलं वो माय. घरी घाना लावला का?"

"खाऊन तं पाह्य."

तिनं घास उचलला. तेवढ्यात अध्यक्ष ओरडला, "थांबा, थांबा! काकू, घास तसाच धरा. फोटो घेऊ द्या!" भराभर मोबाइल वर झाले. समोरच्या रांगेतून तिचा मुलगा मान उंचावून पाहू लागला. तिनं घास खाली ठेवला आणि केटररची पुरी तोडली.

"घडीभर दम निघत नोता का तुले?" मी अध्यक्षाला म्हटलं. त्याला काही कळलं नाही. शेवटी दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना जिलेबी भरवतात, असा फोटो निघाला.

हात धुताना ती माझ्याजवळ आली. "उद्या धुऱ्यावर आनजो. तेल कमी टाकजो."

मी नेली. ती आली, जेवली, दोनदा मागून घेतली. पण सगळा वेळ रस्त्याकडे पाठ. मोटारसायकलचा आवाज आला की ताट पदराखाली. याला समेट म्हणायचं असेल तर समितीनं म्हणावं. मला ती पूर्वीसारखी रस्त्याकडे तोंड करून जेवताना पाहिजे.