जगबुडीचे रविवारचे लेख

त्याला जगबुडी हे नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शेजारची पोरंही ‘जगबुडीकाका’ म्हणायला लागली. नाव काही खोटं नव्हतं. माणूस भेटला रे भेटला, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा पृथ्वीवर यायचा. तुम्ही म्हणा, आज फार उकडतंय हो. हा म्हणणार, हे काहीच नाही, उकडायचं तर पुढेच आहे. तुम्ही म्हणा, मुलाला नोकरी लागली. हा म्हणणार, छान, समुद्र वर येईपर्यंत टिकली म्हणजे झालं. अशा माणसाला लग्नाला बोलवावं की नाही, यावर नात्यात सरळ दोन तट होते.

पण उगाच बडबड्या म्हणाल तर तसंही नव्हतं. शहराला पाणी देणाऱ्या पंपहाऊसवर त्याचा सगळा जन्म गेला. नदीकाठी एक कळकट खोली, खोलीत घरघरणारे पंप, आणि बाहेर विहिरीच्या भिंतीवर रंगवलेली आकड्यांची पट्टी. ती बघायची आणि पाणी किती आहे ते लिहायचं, हे काम. तो लागला तेव्हा पाणी पट्टीच्या वरच्या टोकाला असायचं. निवृत्त झाला तेव्हा पट्टी पुरेना, म्हणून साहेबांनी पेंटर बोलावून ती खालच्या बाजूला वाढवून घेतली होती. पाणी वाढवायचं कुणाला सुचलं नाही, पट्टी वाढवली! त्याच काळात एकाच नव्या टाकीचं उद्घाटन तीन पक्षांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा फीत ताणून धरायला हाच उभा. टाकी कोरडीठाक ती कोरडीठाकच. तरी प्रत्येक निवडणुकीला हा अंघोळ करून सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहायचा आणि मत देऊन आला, की दिवसभर कपाळाला हात लावून बसायचा.

“अहो, एवढा त्रास होतो तर देता कशाला मत?” बायको विचारायची.

“न देऊन सांगू कुणाला?” तो म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला. टायपिंगच्या क्लासला जाऊन मराठी टाईप करायला शिकला, क्लासवाल्याने दिलेला फॉन्ट कॉम्प्युटरवर टाकून घेतला आणि दर रविवारी एक लेख लिहायला बसला. पृथ्वीचं काय होणार, सरकार काय झोपा काढतंय, नदी कुठे गेली, पुढच्या पिढीने काय प्यायचं. लेख झाला की ई-मेलला जोडून झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा. मेहुण्याचं उत्तर यायचं, ‘फारच छान.’ साडू लिहायचे, ‘विचार करायला लावणारं.’ एक चुलतभाऊ तर ‘पुस्तक काढा’ म्हणायचा. फक्त मुलीकडून कधी एका शब्दाचं उत्तर यायचं नाही. ती हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागात नर्स होती. तिला कुठला वेळ, असं म्हणून तो स्वतःची समजूत घालायचा. पण मनातून खट्टू व्हायचा.

एका सोमवारी त्याच मुलीचा आईला फोन आला. मूल नको असं दोघांनी ठरवलंय, जावयाचं ऑपरेशन आहे शुक्रवारी, लहानसंच असतं, काळजी करू नका. का, असं आईने विचारलं, तर म्हणाली, “नीट विचार करून ठरवलंय, आई.” बस्स.

बायकोने फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात बसली. जगबुडी तर त्या दिवशी जेवलाच नाही. आता तुम्ही म्हणाल, जग बुडणार असं उठता-बसता सांगणाऱ्याला नातवंडाचा कसला एवढा सोस? होता खरा. जग बुडणार हे पक्कं, पण नातवंडाचं बोट धरून ते बघायला जायचं, असंच काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. रस्त्यात कुणाचं तान्हं दिसलं, की हा गृहस्थ हवामान विसरून त्याला टाळ्या वाजवून दाखवायचा. एक नातू, नाहीतर एक नात, एवढंच त्याला या आयुष्याकडून हवं होतं आणि शुक्रवारी ते कायमचं जाणार होतं.

“दिवसभर लोकांची पोरं सांभाळून कंटाळली असेल,” तो म्हणाला.

“कंटाळली असेल नाहीतर काही असेल,” बायको म्हणाली, “तुम्ही तिला लिहा. फोनवर ती वकिलासारखी बोलते. लिहिलेलं माणूस परत वाचतं. सगळ्या जगाला लिहिता ना? मग एकदा स्वतःच्या पोरीला लिहा.”

मंगळवारी सकाळीच तो लिहायला बसला. ‘बाळ, मूल झालं की घराला घरपण येतं,’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘जग इतकंही वाईट नाही,’ असं लिहिलं आणि त्या वाक्याकडे बघून त्याची त्यालाच लाज वाटली. ‘पुढे सगळं ठीक होईल,’ हे तर बोटांनी टाईपच केलं नाही. त्यात कॉम्प्युटरने मधेच काम सोडून पडद्यावर गोल फिरवायला सुरुवात केली. ‘थांबा, बंद करू नका.’ थांबला. दूध आलं, वर्तमानपत्र आलं, जेवण झालं, गोल फिरतोच आहे. मग आतला पंखा किंचाळायला लागला, करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. जगबुडीने बटण दाबलं, वायर काढून लावली, पाठीवर थापट्या मारल्या, शेवटी हात जोडले. ढिम्म!

“मेलं ते डबडं,” बायको म्हणाली आणि बुधवारी, हा बाहेर गेलेला असताना, तिने कॉम्प्युटरवाल्याला घरी बोलावलं. त्याने पेटी उघडली तर आत ही धूळ. एक मेलेली पालसुद्धा निघाली. बायकोला किळस आली.

“घेऊन जा बाबा आणि आधी साफ करून द्या,” ती म्हणाली.

“सगळंच साफ करू?” त्याने विचारलं.

“सगळं. आतलं, बाहेरचं, काही ठेवू नका.”

त्या बिचाऱ्याने शब्द पाळला. गुरुवारी संध्याकाळी कॉम्प्युटर परत आला तो चकाचक. सुरूही पटकन झाला. आत काही म्हणजे काही नव्हतं. निम्मं-अर्धं लिहिलेलं पत्र गेलं, इतक्या वर्षांचे लेख गेले, क्लासवाल्याचा फॉन्टसुद्धा गेला, आणि तो क्लास तर कधीच बंद पडला होता.

“अहो, मी धुळीचं म्हटलं होतं!” बायको रडकुंडीला आली. “पालीचं म्हटलं होतं!”

तो ओरडला नाही. ओरडायलाही जीव लागतो. शुक्रवार तोंडावर आलेला, आणि त्याला एकच आशा होती. कधीतरी एका लेखात त्याने काहीतरी बरं लिहिलं होतं. नदीवर होता तो लेख. त्यात एका वर्षी नदी दुथडी भरून आली होती, त्याचं वर्णन होतं. तेवढा मिळाला तर त्यातल्या चार ओळी घेऊन पोरीला काहीतरी पाठवता येईल. त्याने मेहुण्याला फोन करून तो लेख परत पाठवायला सांगितलं. मेहुण्याने लगेच पाठवला. उघडला तर काय, सगळे वेडेवाकडे इंग्रजी शिक्के, टोप्या, टिंबं आणि आडव्या-उभ्या काड्या. मराठीचं अक्षर नाही.

“फॉन्ट गेलाय ना, म्हणून इथे दिसत नाही,” तो मेहुण्याला म्हणाला. “तू तुझ्याकडे उघड आणि मला वाचून दाखव.”

पलीकडे खुडबुड झाली. मग मेहुणा म्हणाला, “दाजी, इथेही किडेमुंग्याच आहेत हो.”

“पहिल्यापासून?”

“बाकीचेही असेच दिसतायत,” मेहुणा म्हणाला.

“मग तू वाचायचास काय रे, गाढवा? ‘फारच छान’ काय होतं?”

“दाजी, नाव दिसलं की आनंद व्हायचा...” मेहुणा पुटपुटला आणि त्याने फोन ठेवला.

साडूंकडे तेच. पुस्तक काढा म्हणणाऱ्या भावाकडे तेच. तो फॉन्ट कुणाकडेच नव्हता आणि इतक्या वर्षांत एकानेही ‘तुमचं वाचता येत नाही’ म्हणून तक्रार केली नव्हती. म्हणजे एकानेही एकदासुद्धा उघडलं नव्हतं. जगबुडी खुर्चीत बसून राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण त्याला नुसतं म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

“पोरीला विचारा,” बायको म्हणाली.

“ती कशाला वाचतेय?”

“विचारा तरी.”

मुलगी नुकतीच ड्युटीवरून आली होती. त्याने आडून आडून सुरुवात केली, कॉम्प्युटरचं सांगितलं, फॉन्टचं सांगितलं.

“माझ्याकडे आहेत की सगळे,” ती म्हणाली. “नीट दिसतात. तुमचा पहिला लेख आला तेव्हाच मी क्लासवाल्याकडे जाऊन तो फॉन्ट घेऊन आले होते.”

“तू वाचलेस?”

“सगळे वाचले, बाबा. काही दोनदा.”

बायकोलाही ऐकू जावं म्हणून त्याने फोनचा स्पीकर लावला आणि तिला खूण केली, ऐक, ऐक, पोरगी वाचते माझं!

“मग कधी बोलली का नाहीस गं?”

“काय बोलणार? वाचलं की झोप लागायची नाही.”

“बरं, तो नदीचा आहे ना, भरून आली होती तो, तो जरा वाच. मला त्यातलं हवंय.”

ती वाचायला लागली. सुरुवातीला पुराचं होतं, ते छानच होतं. मग तिचा आवाज बारीक झाला. “‘त्यानंतर नदी अशी कधी आली नाही. आज जन्माला येणारं मूल मोठं होईल तेव्हा पाण्यासाठी मारामाऱ्या करील आणि आपल्याला विचारील, तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी मला का आणलंत? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर त्यांनी कळवावं.’”

हे वाक्य लिहिल्यावर तो खुशीने उठला होता, चहा करून प्यायला होता. जमलं होतं ना वाक्य! आता पोरीच्या तोंडून ते ऐकताना त्याला स्पीकर बंद करावासा वाटला.

“मी पुष्कळ वाट बघितली, बाबा,” मुलगी म्हणाली. “वाटलं, पुढच्या लेखात तुम्हीच उत्तर लिहाल. वॉर्डात बाळ हातात घेतलं की मला तेच आठवायचं.”

सगळ्या नात्यागोत्यात, सगळ्या जगात, त्याचं म्हणणं एका माणसाला पटलं होतं आणि ते माणूस त्याच्या पोटचं होतं.

“बाबा, यातलं काय खोटं आहे ते सांगा. एक गोष्ट सांगा. मी आत्ताच्या आत्ता उद्याचं रद्द करते. आईशप्पथ करते.”

तिच्या आवाजात वाद नव्हता. ती विनवत होती, हे त्याला कळलं. बायको दोन्ही हातांनी खुणा करत होती, सांगा, खोटं होतं म्हणून सांगा, सगळं खोटं होतं म्हणा! एक थाप मारायची होती, बस्स. लोक दिवसाला शंभर मारतात, त्यावर निवडून येतात.

“भाषा जरा जास्त झाली असेल माझी,” तो म्हणाला.

“भाषा नाही विचारली. पाण्याचं विचारलं.”

“पाण्याचे आकडे...” तो म्हणाला आणि थांबला. “आकडे बरोबर आहेत.”

“हं,” ती म्हणाली.

“पण बाळा, तू झालीस तेव्हाही जगाचं कुठे धड चाललं होतं?”

“तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. मला माहितीये.”

ती रडायला लागली. बायकोने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “उद्या ऑपरेशननंतर त्याला घरी कोण आणणार आहे?” तिने विचारलं. “मी सकाळच्या पहिल्या बसने येते. तू रडू नकोस. दोन दिवस राहते, त्याला वजन उचलू नकोस म्हणावं.”

फोन ठेवून तिने पिशवी काढली आणि कपडे भरायला घेतले.

“एवढं एक खोटं बोलता आलं नाही तुम्हाला?” ती म्हणाली.

तो ढसाढसा रडायला लागला. ती पिशवी भरत राहिली.