कॉपी चालू असेपर्यंत

ताडकळसच्या बाजारतळामागच्या गल्लीत शिवप्रसादचं घर आहे. त्या घराच्या मधल्या खोलीत सोयाबीनची पोती असतात, एक टेबल असतं, टेबलावर लॅपटॉप असतो आणि लॅपटॉपसमोर अर्पिता असते. ती शिवप्रसादची बायको. वय एकोणतीस, माहेर पूर्णा. शिवप्रसाद पंचक्रोशीतल्या लग्नांचं शूटिंग करतो आणि त्या शूटिंगचा व्हिडिओ अर्पिता घरी बसून तयार करते. सात वर्षांत तीनशेवर लग्नं तिच्या हाताखालून गेली. त्यातल्या चार-दोन लग्नांनाच ती स्वतः हजर होती. पण बाजारात भाजी घेताना समोरची बाई तिला ओळखू येते. हिच्या हळदीला मावशी रुसली होती, हिचा भाऊ पाठवणीच्या वेळी मोटारीमागं जाऊन रडला होता. त्या बाईला मात्र अर्पिता कोण, हे ठाऊक नसतं.

घरात सात माणसं. सासू केशरबाई पहाटे उठतात आणि उठल्यापासून कुणाला मोकळं बसू देत नाहीत, स्वतःलाही नाही. रिकाम्या हातानं बसलेली सून त्यांच्या डोळ्यांत खुपते. त्या ओरडत नाहीत. निवडायची तूर आणून समोर ठेवतात, एवढंच.

या घरात अर्पिताला कामाच्या दिवशी दीड तास नुसतं बसायला मिळत होता. तो कसा मिळाला, त्याला एक झाडू कारण आहे.

चार वर्षांपूर्वी शूटिंगचं कार्ड जुन्या हार्डडिस्कवर उतरवणं चालू होतं. शिवप्रसादनं घाईत कॉपी करण्याऐवजी कट केलं होतं, म्हणजे इकडून उचलून तिकडे. डिस्कची वायर सैल होती. केशरबाई झाडत झाडत आल्या, झाडूचा दांडा टेबलाला लागला, वायर निसटली. एका लग्नातला अख्खा हार घालण्याचा प्रसंग गेला, तो गेलाच. नवरीचा बाप घरी येऊन तासभर ओट्यावर बसून राहिला. त्यानंतर शिवप्रसादनं नियम केला. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकतोय तोवर खोलीत कुणी यायचं नाही, आणि अर्पितानं टेबलापासून हलायचं नाही.

दोन कार्डं उतरायला दीड तास लागायचा. तेवढा वेळ अर्पिता वायरीजवळ हात ठेवून बसायची. पाय पोत्यावर लांब सोडायची. फोन बघायची नाही, गाणी ऐकायची नाही. लग्नसराईत आठवड्यातून चार-पाच वेळा हे व्हायचं. बाहेरून केशरबाई विचारायच्या, "झालं का गं?"

"न्हाई अजून. अर्धा तास दाखवायलंय."

"बस मग. हलू नको माय."

बस, असं तिला त्या घरात दुसरं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

यंदा शिवप्रसादनं नवा कॅमेरा घेतला. चित्र काचेसारखं स्वच्छ, पण फाइली एवढ्या जड की जुन्या डिस्कवरून चालताना त्या अडकायच्या. नवरी मान वळवायला लागली की चित्र थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा मान वळून झालेली असायची. अर्पिता अंदाजानं कापायची. काप एक-दोन क्षण इकडे-तिकडे पडायचा. बघणाऱ्याला कळायचं नाही, तिला कळायचं.

वैशाखात एका सकाळी शिवप्रसाद तिला मोटारसायकलवर घेऊन परभणीला गेला. शूटिंग त्याचं, पण एडिटिंगला काय लागतं ते तिलाच माहीत. दुकानदाराचं नाव भुजंग. त्यानं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या, एक जाडजूड पुस्तकाएवढी, एक काडेपेटीहून थोडी मोठी.

"ताई, आधी सांगा, ठेवायला पायजे का चालवायला?"

"म्हंजे?" शिवप्रसाद म्हणाला.

"ठेवायला म्हंजे कपाट. जुनी लग्नं टाकायची, दार लावायचं. त्याला ही मोठी हार्डडिस्क, चार टीबीची. आत चकती फिरती, निवांत चालती. चालवायला म्हंजे तिच्यावरूनच एडिटिंग. त्याला ही एसएसडी. एकच टीबी, पण आत फिरणारं काही न्हाई. पळती."

"चार बरी की. चौपट लग्नं मावतील," शिवप्रसाद म्हणाला आणि अर्पिताकडे वळला. "तूच सांग. तुला कळतंय त्यातलं."

अर्पितानं विचारलं, "दोन कार्डं उतरायला किती वेळ?"

"मोठीवर, तुमच्या जुन्या कार्ड रीडरनं, तास-सवा तास धरा. छोटीवर नवा रीडर घ्यावा लागंल, न्हाई तर पळणारी घेऊन उपयोग काय? मग बारा-तेरा मिनिटं."

बारा-तेरा मिनिटं. अर्पितानं काउंटरच्या काचेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मोठी घ्या, एवढे दोन शब्द पुरले असते. नवऱ्याच्या मनात तेच होतं. जागेचं कारण खरंही होतं. कुणी तिला खोटी म्हटलं नसतं. घरी नियम तसाच राहिला असता, पोतं तसंच राहिलं असतं.

"लावून दाखवा," ती म्हणाली.

तिनं सोबत आणलेल्या दोन क्लिपा भुजंगनं दोन्हींवर टाकल्या. एकाच क्षणाचं दोन कॅमेऱ्यांतून घेतलेलं चित्र. मोठीवर नवरी अडकली. छोटीवर अर्पितानं माउस हातात घेतला तशी नवरी तिच्या हाताबरोबर मागं-पुढं झाली. दुसऱ्या कॅमेऱ्यात नवरीची आई होती. लेकीनं मान वळवली त्याच क्षणी आईनं पदर तोंडाला लावला होता. जुन्या डिस्कवर हे दिसलंच नसतं. अर्पितानं तिथं कापलं, पुन्हा चालवलं, एकदा आणखी चालवलं.

"ही," ती म्हणाली.

"बघ बरं. मागून जागा पुरंना म्हणत बसायचं न्हाई."

"न्हाई म्हणणार."

पहिल्या दिवशी कार्डं बारा मिनिटांत उतरली. केशरबाईंनी चहा ठेवला होता, तो गाळून होईपर्यंत काम झालं. त्यांनी आत येऊन ती डबी तळहातावर घेतली. "लय गुणाची हाय की ही. एवढीशी! ये मग, शेंगा फोडायच्यात."

नियम कुणी मोडला नाही. तो बारा मिनिटं पाळला जायचा, मग संपायचा. व्हिडिओ मात्र सुधारले. शिवप्रसादनं व्हॉट्सॲपवर लिहिलं, लग्नाचा व्हिडिओ तीन दिवसांत. आधी पंधरा दिवस लागायचे. पाथरीहून बोलावणं आलं, पूर्ण्याहून आली तीन. पूर्ण्याच्या नवऱ्या मुली अर्पिताच्या माहेरच्या गल्लीतल्याच असायच्या. त्यांची लग्नं ती ताडकळसला बसून बघायची. आई फोनवर म्हणाली, "एक दिवस तर ये." अर्पितानं कार्डं मोजली आणि पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एका दुपारी तिनं घाईत टेबलावर पडलेली वायर उचलून डबीला लावली. पडद्यावर आकडा आला, बावन्न मिनिटं. डबी बिघडली असं वाटून तिनं भुजंगला फोन लावला.

तो हसला. "ताई, मोबाइलच्या चार्जिंगची वायर लावली का? तोंडं सारखीच असतात दोन्हीची, आतून फरक. खोक्यातली लावा, पळंल."

खोक्यातली वायर खणात होती. खण हाताशी होता. अर्पितानं फोन खाली ठेवला आणि खण उघडला नाही.

"झालं का गं?" बाहेरून केशरबाई.

"न्हाई. पन्नास मिनिटं दाखवायलंय."

"कामून? बिघडली का काय?"

"आज हळू चालायली."

"बघ बाई. हात नको लावू देऊ कुणाला."

अर्पितानं पाय पोत्यावर लांब सोडले. कूलरची हवा अंगावर येत होती. बाहेर कुणीतरी शेळीला हाकललं. पाच मिनिटं अशी गेली, सात गेली. मग तिच्या लक्षात आलं की आपण हळदीचा व्हिडिओ कापायलोय. मनातल्या मनात. आधी नवरदेवाचा मामा, मग वाटीतली हळद, मग नवरीचे पाय. हा व्हिडिओ उद्या संध्याकाळी पूर्ण्याला द्यायचा होता. परवा पाथरीचा. शिवप्रसाद दिवस मावळायच्या आत आणखी दोन कार्डं घेऊन येणार होता. तिनं डोळे मिटले तर पाठवणी सुरू झाली. तिनं डोळे उघडून छताकडे पाहिलं, पत्र्याचे खिळे मोजायचा प्रयत्न केला, आणि पाठवणीला कुठलं गाणं घ्यायचं ते ठरवून टाकलं. जुन्या डिस्कच्या काळात हे कधी झालं नव्हतं. तेव्हा पंधरा दिवस असायचे, म्हणून दीड तास असायचा.

एकोणिसाव्या मिनिटाला तिनं पाय खाली घेतले. कॉपी रद्द केली, खण उघडला, वायर बदलली आणि पहिल्यापासून लावली. आकडा आला, बारा मिनिटं. तेवढ्यात तिनं गाण्याचं नाव कागदावर लिहून ठेवलं.

ती खोलीबाहेर आली तेव्हा केशरबाई परातीत पीठ घेत होत्या.

"आँ? पन्नास मिनिटं म्हणलीस ना?"

"वायर चुकली होती. बदलली."

"अगं मग आधीच बदलायची! उगंच बसून राहिलीस एवढा वेळ." त्यांनी परात तिच्याकडे सरकवली. "थाप एवढ्या भाकरी. मी शेळ्यांना पाणी दाखवून येते."

अर्पितानं हात धुतले आणि पिठात पाणी घातलं.