शिट्टीअण्णांची फरशी

शिट्टीअण्णा आधी नाव घेत आणि मगच शिट्टी वाजवत. क्रेनच्या हुकाला भिंतीचा पीस अडकवला, साखळ्या ताणल्या गेल्या, की हात वर करून ते सगळं काम थांबवत. खड्ड्यात, काठावर, ट्रेलरपाशी जो जो असेल त्याला एकेक हाक जाई. "मुनियप्पा!" "हां." "रामबचन!" "हां जी." "सुनंदक्का!" "हो, अण्णा." सगळ्यांची ओ आल्याशिवाय गळ्यातली पितळी शिट्टी ओठाला लागत नसे. एखाद्याची ओ आली नाही तर 'गेला असेल चहाला' म्हणून ते सोडून देत नसत, स्वतः शोधायला जात. एकदा रामबचन झुडपाआड बसला होता. अण्णांनी त्याला तिथूनच ओ द्यायला लावली. आम्ही हसून हसून बेजार झालो. अण्णा हसले नाहीत.

लिहायला बसलं की मला राग येतो, म्हणून चांगलं आहे ते आधी सांगून घेते.

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि मालकांच्या मागोमाग बंगळूरला आले. येलहंक्यापलीकडं एका नाल्याकाठच्या वस्तीत आम्ही खोली घेतली. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या असल्या नाल्याला इथं राजकालुवे म्हणतात. नाव राजाचं आणि रूप बघवत नाही असं. मालक सळई बांधायला जात, मी मिळेल त्या कामावर. मग नाल्याचंच काम निघालं. रस्त्याखालच्या मोरीपासून खाली दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती उभ्या करायच्या होत्या. भिंती जागेवर बांधायच्या नव्हत्या. कारखान्यात ओतलेले पीस ट्रेलरवरून यायचे. उभी पाठ आणि खाली पुढं काढलेलं पाऊल, असा आकार. ते पाऊल मातीखाली गाडायचं, वरून भराव घालायचा. त्या मातीच्या वजनानंच भिंत उभी राहते. दोन पिसांमधले सांधे भरायचं आणि पाणी झिरपायला ठेवलेली भोकं मोकळी राखायचं काम मला मिळालं.

पहिल्या दिवशी तो एवढा थोरला पीस हुकाला लागला, साखळ्या ताणल्या आणि मी दोन पावलं मागं सरले. तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस माझ्याकडं वळून कन्नडमध्ये काहीतरी विचारू लागला. मला कळेना. मग त्यानं हिंदीत विचारलं, "नाम?" मी घाबरून आपल्याच भाषेत म्हणाले, "बाई म्हटलं तरी चालतंय."

"बाई हे कुणाचंच नाव नसतं," तो माणूस मराठीत म्हणाला. "क्रेनपुढं नाव लागतं. बोला बेगा."

परक्या मुलखात खड्ड्याच्या काठावर अचानक आपली भाषा ऐकली की काय होतं, ते घरापासून लांब राहिलेल्यांनाच कळेल. मी रडायलाच लागले. अण्णा गोंधळून म्हणाले, "नाव विचारलं हो नुसतं, शिवी नाही दिली." त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, घरात बोलायला मराठी. त्या मराठीत कन्नड शब्द असे बसलेले, की उपटायला जावं तर वाक्यच पडेल. 'लवकर'ला 'बेगा', 'थोडं'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी', आणि माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे असून मला 'अक्का', हाकेत 'सुनंदक्का'.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. वर लटकणाऱ्या वस्तूखाली माणूस नको. "लटकलेला पीस म्हणजे पाहुणा नव्हे, त्याच्या स्वागताला पुढं येऊ नका," असं ते रोज सांगायचे. कुणी मोबाइल काढून क्रेनचं चित्र घेऊ लागला की शिट्टी त्याच्या कानात वाजायची. नाल्याच्या पलीकडं मोठी बिल्डिंग होती. तिथल्या गॅलरीतून एकदा कचऱ्याची पिशवी मुनियप्पाच्या पायाशी येऊन पडली. अण्णांनी काम थांबवलं, पिशवी उचलली आणि फाटकावरच्या वॉचमनच्या टेबलावर नेऊन ठेवली. "वरनं पडलेली वस्तू आहे. नाव विचारून ज्याची त्याला परत द्या." वॉचमन म्हणाला, "असं कसं विचारू, अण्णा?" अण्णा म्हणाले, "मी रोज विचारतो. अवघड नाही काही."

माझ्या आरतीला शाळेत घातलं तेही त्यांनीच. नाल्यापलीकडं सरकारी कन्नड शाळा आहे. फाटकापर्यंत जाऊन मी परत फिरत असे. दुपारची सुट्टी टाकून अण्णा आमच्याबरोबर आले, मोठ्या बाईंशी बोलले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमची सातवीत सुटली. हिची सुटू द्यायची नाही, सरी?" मी मान हलवली. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढचं लिहिते आहे.

वस्तीतून शाळेत, रेशनला, बसला, सगळीकडं जायचं ते नाल्यावरच्या एका जुन्या दगडी फरशीवरून. काम सुरू झालं आणि ती पहिल्याच आठवड्यात काढली. भिंती बसवायच्या तर काढावी लागणारच, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. 'तात्पुरती वाट करून देऊ,' असं सांगितलं होतं. ती वाट काही आली नाही. मोठ्या रस्त्यानं फिरून जायचं तर गाड्यांच्या गर्दीतून एवढाल्या पोरांना कोण सोडणार? मग पोरं खड्ड्यात उतरत, चिखलातून पलीकडं जात आणि बांबूच्या शिडीनं वर चढत. बरोबर आमच्या क्रेनखालून.

अण्णा दर वेळी क्रेन थांबवत. नुसती थांबवत नसत, पोरांचीही नावं घेत. महिनाभरात वस्तीतलं एकेक पोर त्यांना नावानं ठाऊक झालं. सगळी पलीकडं चढून ओ देईपर्यंत पीस हवेत जाईना. साइटवरचे इंजिनिअर पुण्याचे, तरुण, वाईट नव्हते, पण वरून त्यांच्यावर दट्ट्या असायचा. ते वैतागून म्हणाले, "अहो अण्णा, ही हजेरी शाळेत घेतात!"

"शाळेत पोचली तर घेतील ना, सर," अण्णा म्हणाले.

"मी वर मेल केलाय. अप्रूव्हल आलं की टेम्पररी क्रॉसिंग करू."

"पोरांना रोज शाळा आहे. तुमच्या अप्रूव्हलला सुट्टी आहे का?"

अण्णा रोज विचारत आणि साहेब रोज 'बघू' म्हणत. त्याच सुमारास ट्रेलरवरून उतरवताना एका फरशीचा कोपरा उडाला. रस्ता ओलांडायच्या जागी दोन्ही भिंतींवर आडव्या टाकायच्या तयार फरशा होत्या, त्यांतली ही एक. तिच्यावर लाल फुली मारून तिला बाजूला ढकललं. ती तशीच पडून राहिली, आणि पोरं तिच्या शेजारून खड्ड्यात उतरत राहिली.

मग एक दिवस आरती शिडीवरून घसरली. खाली सळईचे तुकडे पडले होते, पोटरी चांगलीच फाटली. दप्तर चिखलात, एक बूट गायब. मी तिला कवटाळून बसले होते. अण्णांनी तिच्या पायाकडं बघितलं, मग त्या फरशीकडं बघितलं आणि लांबलचक शिट्टी मारली. ती शिट्टी म्हणजे सगळं बंद.

"ती फरशी उचल," त्यांनी क्रेनवाल्याला सांगितलं.

"अण्णा, साहब से पूछ लें?"

"पूछ पूछ के जीभ घिस गया मेरा. उठाओ."

त्या दिवशीही त्यांनी नावं घेतली. माझं घेतलं, पायाला फडकं बांधलेल्या आरतीचं घेतलं. ओ आली, मग शिट्टी. दुपारच्या उन्हात ती फरशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोवर उभ्या झालेल्या दोन भिंतींवर बसली, तिथंच, जिथं पुढं तसल्याच फरशा बसायच्या होत्या. तुटका कोपरा आमच्या बाजूला आला. अण्णांनी त्यावर चुन्याचा पट्टा ओढला, वाळूच्या पोत्यांत बांबू रोवले आणि पीस वळवायचा आपला दोर त्यांना बांधून दिला. संध्याकाळी पोरं फरशीवरून घरी आली. तिच्यावर पाय ठेवून म्हाताऱ्या बायका अण्णांना नमस्कार करत होत्या आणि अण्णा खेकसत होते, "मला नको, पुढं बघा, पुढं!"

साहेब धावत आले. "अण्णा, रिजेक्ट मटेरियल वापरलंत! आणि कठडा कुठाय? लहान मुलं जाणार यावरून. दोर म्हणजे कठडा नव्हे. उद्या कुणी पडलं तर जबाबदार कोण?"

"बरोबर बोललात," अण्णा शांतपणे म्हणाले. "कठडा पाहिजेच. लावा की मग."

कठडा लागला नाही. अण्णांना मात्र दुसऱ्या दिवशी यायचं नाही म्हणून निरोप मिळाला. लोकांच्या जिवाशी खेळले, असं कारण दिलं. ऐका हं जरा! ज्या माणसानं नाव घेतल्याशिवाय कधी पीस हलवला नाही, तो लोकांच्या जिवाशी खेळला! मी साहेबांपुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबापुढं तोंड उघडलं. "माझी पोरगी पडली तेव्हा कोण जबाबदार होतं, सर?" साहेबांनी मान खाली घातली. "वहिनी, माझ्या हातात नाहीये हो. वरून आलंय." वर कोण बसतं, ते काही मला आजवर दिसलेलं नाही.

जाताना अण्णांनी सगळ्यांचा निरोप घेतला, अर्थात नाव घेऊन. मला म्हणाले, "तुटक्या कोपऱ्याकडं लक्ष ठेवा, अक्का. कठडा लागेपर्यंत पोरांना एकटं सोडू नका." स्वतःच्या कामाबद्दल एक अक्षर नाही.

पुढं भिंती पुऱ्या झाल्या. साइट आवरताना पोती, बांबू, सगळं ट्रकात भरून नेलं. दोर तेवढा मी घरी आणून ठेवला होता. फरशी कुणी काढली नाही. तिच्यावरची लाल फुली पुसली, कोपऱ्यावर सिमेंटचा गिलावा फासला, शेजारी आणखी दोन फरशा टाकल्या आणि काम संपलं म्हणून जाहीर केलं. मग एका सकाळी मांडव पडला, झेंडूच्या माळा आल्या, लाऊडस्पीकर आला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्याच फरशीवर नारळ फोडला आणि पडदा ओढला. आत काळा गुळगुळीत दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. वस्तीतल्या लेकरांची अडचण ओळखून त्यांनी हा पूल दिला, असं भाषणात सांगितलं. ज्या फरशीपायी एका माणसाचं काम गेलं, तीच फरशी! आणि दोन्ही कडा तशाच उघड्या. कठड्याला पैसे नाहीत म्हणे, आणि माळा इतक्या की फरशी दिसेना.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी मोठ्यानं म्हणाले, "इदु शिट्टीअण्णा हाकिद्दु!" म्हणजे हे अण्णांनी टाकलंय. मागून मुनियप्पा ओरडला, "हौदु!" म्हणजे होय. पाहुणे माझ्याकडं बघून हसले. "हौदा? सरी, सरी," म्हणाले आणि फोटोसाठी वळले. त्या 'सरी'चा राग मला आजही आहे. अण्णांच्या तोंडी तो शब्द किती सरळ होता.

संध्याकाळी मी अण्णांना फोन लावला. ते तेव्हा देवनहळ्ळीकडच्या एका नव्या वसाहतीच्या, इथल्या भाषेत लेआउटच्या, कामावर होते. मी तावातावानं सगळं सांगितलं. नारळ, नाव, भाषण. वाटलं, आता हे भडकतील. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "कठडा लावला का?"

"नाही, अण्णा."

तेव्हा मात्र भडकले. "दगडावर नाव कोरायला वेळ होता आणि दोन पाइप उभे करायला नव्हता? माझं नाव नको म्हणावं, पण पोरांना धरायला काहीतरी द्या!" मग त्यांनी विचारलं, "तो नावाचा दगड कुठं बसवलाय?"

"तुटक्या कोपऱ्याशीच. खांबावर."

"खांब हलतो का?"

"छे, सिमेंटात आहे पक्का."

"मग दोर आहे ना तुमच्याकडं? त्याला बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मालकांनी तो दोर त्या खांबाला बांधला. खांबावरच्या दगडाला तीन वेढे घेतले आणि दुसरं टोक पलीकडच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाला ताणून नेलं. वेढे बरोबर सोनेरी नावावर आले, त्याला माझा इलाज नव्हता. मध्ये एक माणूस येऊन दोर सोडून गेला होता, नाव झाकतं म्हणून. आम्ही पुन्हा बांधला. सकाळी पोरं जमतात, आरती एकेकाचं नाव घेते, ओ आली की दोर धरून रांग पलीकडं जाते.

अण्णांचा फोन अजून येतो. कशा आहात, जेवलात का, असलं काही नाही. पहिला प्रश्न कठड्याचा. मी म्हणते, "नाही लागला, पण दोर आहे, अण्णा, पक्का आहे." ते लगेच चिडतात. "दोर म्हणजे कठडा नव्हे, अक्का. त्या साहेबांचं ते एक वाक्य बरोबर होतं. जावा, पुन्हा विचारा."

मी जाते. परवाही वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन आले. टेबलामागच्या माणसानं वर न बघता विचारलं, "काय काम आहे, बाई?"

मी म्हटलं, "आधी नाव विचारा."