तळाला भोक नव्हतं

तिसरी 'ब'च्या मॅडमनी मला वाचवलं. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडला तरी निदान एवढं कागदावर राहील. माझ्याबरोबर त्यांनी वर्गातल्या एका मुलीलाही वाचवलं. तिला ते माहीत नाही.

मी कराडकडची. आमचे हे सांवेर रोडला एका कारखान्यात लेथवर आहेत, म्हणून आम्ही इंदूरला. मी एका शाळेत मदतनीस आहे. मुलं मला मौसी म्हणतात. वर्ग झाडायचे, लहानांना बाथरूमला न्यायचं, बाटल्या भरायच्या, कुणी उलटी केली तर पुसायची. माझी शाळा सहावीत सुटली, त्यामुळे वर्गात काम करताना माझे कान फळ्याकडेच असतात. केर काढता काढता मी तिसरीचा भागाकार शिकले. हे मॅडमना कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या इंदूरच्याच, तीन पिढ्यांपासूनच्या मराठी. म्हणाल्या, "ताई, मागे खुर्ची लावून घ्या. उभं राहून काय शिकून राहिल्या?"

नवरात्राच्या आधी त्यांनी वर्गात राजमा पेरायला घेतला. सियागंजच्या बाजारातून राजमा आणला, प्लास्टिकचे ग्लास आणले. मुलं त्याला कप म्हणायची. प्रत्येक कपावर मुलाच्या नावाची चिठ्ठी. भिंतीवर एक मोठा कागद लावला, त्यावर चौकटी. रोज प्रार्थना झाली की मुलं पट्टीनं आपापलं रोप मोजणार, आकडा मोठ्यानं सांगणार, आणि मॅडम त्या मुलाच्या रंगाचा ठिपका लावून कालच्या ठिपक्याला जोडणार. मला तो कागद सजावटीचा वाटला होता. आलेख म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. माझ्या शाळेत तो बहुतेक सातवीत असावा.

माझं काम कपांना पाणी घालायचं आणि दहा ते एक उन्हात ठेवायचं. मॅडमनी मलाही एक कप दिला. चार दिवसांनी, उरलेल्या बियांतला. माझ्या कपाला चिठ्ठी नव्हती. कपाटाच्या कोपऱ्यावर तो ठेवला होता.

मला ते काम नको होतं. पण कुणाला काय सांगणार.

आमच्याकडं नवरात्रात घट बसवतात. परडीत काळी माती, त्यात गहू पेरायचे, मधे पाण्याचा घट. नऊ दिवसांत धान उगवतं. हिरवं, उंच आलं तर वर्ष बरकतीचं. मी सहावीत होते त्या वर्षी आमची परडी मोडली होती, म्हणून आईनं स्टीलच्या खोल ताटात घट बसवला. पाणी घालायचं माझ्याकडं आलं. धान पिवळं आलं आणि सहाव्या दिवशी आडवं झालं. चुलती म्हणाली, "पोरीच्या हातचं पाणी लाभलं नाही." दिवाळीच्या आत वडील तापानं गेले. मग शाळाही गेली. चुलती तसं पुन्हा कधी बोलली नाही. एकदा बोललेलं पुरतं.

तर असा माझा हात, आणि छत्तीस पोरांचे कप.

पस्तीस रोपं चांगली आली. खिडकीजवळच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं रोप पहिल्यापासून मागं. पेरणीच्या दिवशी ती आजीकडं गेली होती. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मॅडम ऑफिसात होत्या, म्हणून मीच तिला पुड्यातला नवा कप काढून दिला, माती भरून दिली, बी दाबून दिलं. तिचं रोप उगवलं, साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत आलं आणि थांबलं. पानं कडेनं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. मग घाबरून कमी केलं. मग पुन्हा वाढवलं.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना डेंग्यू झाला. ते लोडिंग रिक्षा चालवायचे. दवाखान्यात ठेवलं होतं. पोरगी रोज मावशीबरोबर शाळेत यायची, अर्धी वेणी सुटलेली. एक दिवस बाटली भरताना मला म्हणाली, "मौसी, पापा की भी रोज गिनती होती है. खून में. कल पचास थे, आज चालीस."

प्लेटलेट्सचं सांगत होती. "कोण म्हणालं तुला?"

"मम्मी फोन पे बोल रही थी." मग बारीक आवाजात, "मेरा पौधा भी नहीं बढ़ रहा."

मी म्हटलं, "पौधा अलग, पापा अलग, बेटा." म्हणताना माझीच जीभ जड झाली होती.

तिच्या मागच्या बाकावर एक चष्मेवाला मुलगा बसतो. हुशार. सगळ्यांचे आकडे त्याला पाठ. गुरुवारी तो तिला म्हणाला, "मेरी दादी बोलती है, जिसका पौधा मरता है ना, उसके घर में कोई जाता है." दुष्टपणा नव्हता त्यात. आठ वर्षांचं पोर, सामान्य ज्ञान सांगावं तसं त्यानं सांगितलं. दुसरा एक जण म्हणाला, "तेरी दादी तो ये भी बोलती है कि पिज्जा में गोंद रहता है." सगळे हसले. ती हसली नाही. तिनं पट्टी काढली आणि रोप पुन्हा मोजलं. साडेनऊच.

शुक्रवारी एक वाजता मी कप आत घेत होते तेव्हा तिच्या रोपाची मान पडलेली दिसली. देठ बुडाशी काळपट, ओला. बोट लावलं तर सालटं सुटलं. मुलं घरी गेली होती. मी कितीतरी वेळ तो कप हातात घेऊन उभी राहिले. बाहेर कॉलनीच्या मंडपात गरब्याचे स्पीकर तपासत होते, एकच ओळ वाजायची आणि तुटायची.

शनिवारी मुलांना सुट्टी असते, आम्ही मौसी साफसफाईला येतो. मी तिच्या कपाची चिठ्ठी ओली करून सोडवली आणि माझ्या कपाला चिकटवली. माझं रोप ठेंगणं होतं पण हिरवंगार, दोन पानं तळव्याएवढी. तिच्या जागेवर ते ठेवलं. सोमवारी ती येईल, हिरवं पाहील, बस. एवढाच माझा विचार. मेलेल्या रोपाचा कप कचऱ्यात टाकवेना. घटाचं धान कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. वर्तमानपत्रात गुंडाळून झाडूच्या कपाटात ठेवला. म्हटलं, जाताना नदीत सोडू. पण जाताना सुपरवायझर गेटवरच होता. कप तिथंच राहिला.

रविवारभर अन्नावर वासना नव्हती. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

सोमवारी ती आली आणि खिडकीशी थबकली. चेहरा उजळला. मी मागं फडकं पिळत होते, मला वाटलं, सुटले. तिनं पट्टी लावली. एकदा, दोनदा. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात आकडा सांगितला.

"जोर से, बेटा," मॅडम म्हणाल्या.

"सात."

मॅडमचा हात कागदाजवळ जाऊन थांबला. साडेनऊचा ठिपका वर, सातची चौकट खाली. त्या कागदावर सगळ्या रेघा जिन्यासारख्या वर जात होत्या. एकसुद्धा खाली उतरलेली नव्हती. तेव्हा मला तो कागद कशासाठी आहे ते समजलं.

"मैम, ये गलत है," चष्मेवाला म्हणाला. "पौधा रुक सकता है. नीचे थोड़ी आता है."

"आता है," ती मुलगी म्हणाली. तोंड पांढरंफटक. "पापा का भी नीचे ही आ रहा है. आज बीस है."

मॅडमना वडील आजारी आहेत एवढंच माहीत होतं. ही पोरगी रोज इथं नेमकं काय मोजतेय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, मग कपाटाच्या कोपऱ्याकडं. तिथं माझा कप नव्हता, मातीचा गोल डाग होता. मग माझ्याकडं पाहिलं.

जूनमध्येच एका मौसीला काढलं होतं. तिनं एका मुलाचं चित्र चुकून ओलं केलं एवढंच. मुलांच्या कामाला हात लावायचा नाही, असा नियम स्टाफरूमबाहेर लिहूनच ठेवलाय. माझी मुलगी त्याच शाळेत विनाफी शिकते. माझी नोकरी गेली की तिची शाळा गेली. आणि समोर ही पोरगी, जिला मी हिरवं दाखवायला गेले आणि उतरणीचा आकडा हातात दिला.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, खरं सांगते, मला आजही माहीत नाही. त्याआधीच मॅडम म्हणाल्या, "पौधा मैंने बदला था."

चष्मेवाल्यानं विचारलं, "क्यों, मैम?"

"इसका मुरझा गया था, मुझे बुरा लगा. गलत किया. चार्ट ने पकड़ लिया ना?" मग माझ्याकडं वळून मराठीत, अगदी नेहमीच्या आवाजात, "ताई, जुना कप असेल ना कुठे? घेऊन या."

मी तो पुडा आणून टेबलावर ठेवला. मॅडमनी मुलांना भोवती बोलावलं आणि त्या मुलीला आपल्याजवळ उभं केलं. "मरा क्यों, ये देखते हैं. पहले सब अपना कप उठाके नीचे देखो."

छत्तीस कप उलटून पालटून बघितले गेले. प्रत्येकाच्या तळाला बारीक भोक, कंपासच्या टोकानं पाडलेलं. पेरणीच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना पाडून दिली होती, माझ्या कपालाही देण्याआधी.

"अब ये देख," त्या मुलीला म्हणाल्या.

तिनं जुना कप दोन्ही हातांनी उचलला. तळ गुळगुळीत होता. मॅडमनी मातीचा गोळा बाहेर काढला तेव्हा खाली पाणी साचलेलं होतं, आणि मुळं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. वास आला. पोरांनी नाकं दाबली.

"छेद नहीं है," ती म्हणाली.

"नहीं है. पानी रुका, जड़ें सड़ गईं. तू उस दिन आई नहीं थी. छेद करना मैं भूल गई. तूने कुछ नहीं किया, और किसी का इससे कुछ होता भी नहीं. समझी?"

तिनं मान हलवली. बोट तळावर फिरवत राहिली. तो कप मी दिला होता. माती मी भरली होती. मॅडमना तेही समजलं होतं, कारण त्या दिवशी त्या ऑफिसात होत्या. मी फडकं हातात धरून मागं उभी होते आणि गप्प होते.

साडेअकराला गेटवरून निरोप आला. मुलीचे काका घ्यायला आलेत. मीच तिला गेटपर्यंत सोडलं. काका मोटरसायकलवर बसलेले, इंजिन चालूच, आमच्याकडं बघत नव्हते. चालता चालता तिनं माझा हात ओढला. "मौसी, छेद नहीं था ना? तूने भी देखा ना?"

"देखा, बेटा. नहीं था."

ती मागच्या सीटवर चढली. तिचं दप्तर वर्गातच राहिलं. ते तेरा दिवस तिच्या बाकावर होतं, मी रोज त्याच्याभोवतीनं केर काढत होते.

तेरावं झाल्यावर ती आली. केसांना तेल, दोन्ही वेण्या घट्ट. चष्मेवाला मुलगा मान खाली घालून तिच्या बाकाशी गेला. दादीचं बोलणं त्याच्याही मनात राहिलं असणार. तो काही म्हणायच्या आत तिनंच सांगितलं, "मेरे कप में छेद नहीं था, इसलिए मरा. पापा को डेंगू था." दोन वेगळी वाक्यं. तिनं ती वेगळी ठेवली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. स्टीलच्या ताटाला कुठं भोक होतं. ताटातल्या त्या पाण्यापायी मी बावीस वर्षं स्वतःला खात बसले होते.

दरम्यान चष्मेवाल्याच्या आईनं तक्रार केली होती, टीचरच मुलांच्या ॲक्टिव्हिटीत लबाडी करतात म्हणून. मॅडमना प्रिन्सिपलनी लेखी समज दिली. मी त्यांना म्हटलं, "मी जाऊन सांगते."

"ताई, बैठा तुम्ही," त्या वह्या तपासत म्हणाल्या. "तुमचं नाव गेलं तर उद्या नोकरी जाईल. माझं काय, एक कागद. फाइलीत पडून राहील."

"पण खोटं तुमच्या नावावर."

"मग आलेख शिकून घ्या नीट. पुढच्या वेळी निदान उंच रोप तरी लावाल."

त्यांनी मला चौकटीची वही दिली. जेवणाच्या सुट्टीत मी आता रेघा काढते. दहावीचा बाहेरून भरायचा फॉर्मही त्यांनीच आणून दिलाय. अजून भरलेला नाही, भीती वाटते. ऑफिसातून कुणी हाक मारली की आजही वाटतं, कळलं.

लेखी समजेचा तो कागद त्यांच्या फाइलीत आहे आणि तो माझा आहे. माझी मुलगी या शाळेतून पास होऊन निघाली, की त्याच दिवशी मी प्रिन्सिपलच्या खोलीत जाईन आणि हे सगळं माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं त्यांच्या टेबलावर ठेवीन. अजून चार वर्षं आहेत. मॅडम, तेवढं थांबा. तुमचं मी फेडीन.