गैरहजर मुलीच्या दारात

शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेचा, वर्ग कसा चालवायचा, हे अलीकडे मला दोन-तीन जणींनी विचारलं. मी त्यांना सोप्या गोष्टी सांगते. गोष्ट सांगताना पुस्तक हातात धरू नका, मुलं पुस्तकाकडेच बघत बसतात. धाकट्यांना भिंतीजवळ बसवा, दाराजवळ नको. प्रार्थनेच्या वेळी मुलांना डोळे मिटायला सांगा, आपले मात्र उघडे ठेवा. गैरहजर मुलाच्या घरी कधी जावं, असं कुणी विचारलं की मी चहा ठेवायला उठते.

वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी वीस वर्षांची होते. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून, तिच्या वसतिगृहातून नुकतीच घरी परतले होते. वडील केळझरच्या अलीकडच्या आमच्या गावात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. तोवर शब्बाथशाळा घेणाऱ्या मडमसाहेब मायदेशी गेल्या आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांचं हजेरीपुस्तक माझ्या हातात ठेवलं. चार माणसांत बोलताना मला घाम फुटायचा. मुलांची गोष्ट वेगळी, असं मी स्वतःला समजावलं. मडमसाहेब एक इंग्रजी पुस्तकही मागे ठेवून गेल्या होत्या. त्यात शिक्षिकेसाठी नियम होते. मूल लागोपाठ दोन रविवार आलं नाही, तर तिसऱ्या रविवारच्या आत शिक्षिकेनं त्याच्या घरी जावं, असा एक नियम होता. त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती.

वर्गात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी यायची. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोलीतली, त्यांच्या वस्तीतली. आई-बाप दोघं मजुरी करायचे, उन्हाळ्यात जंगलकामाला जायचे. ती सगळ्यांत मागे बसायची आणि बायबलमधलं वचन सगळ्यांत आधी पाठ म्हणायची. पाठ म्हणणाऱ्याला आम्ही रंगीत चित्राचं कार्ड द्यायचो. ती ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि पोलक्यात घालायची.

येताना तिच्या डोक्यावर टोपली असायची. ती टोपली ती चर्चच्या पायरीखाली सरकवून ठेवायची. वर्ग सुटला की धावत दवाखान्याच्या गोठ्यामागे जायची, शेणानं टोपली भरायची आणि घाईनं नाल्याकडे निघायची. इतर मुलीही तिला शेण गोळा करून द्यायच्या. हे सगळं मी खिडकीतून दर रविवारी पाहत होते. एकदा हजेरी घेताना ती अजून आत आली नव्हती, तर पुढच्या ओळीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, तिची टोपली हाजर हाये. तिले हाजर लावून टाका!" सगळी हसली. मीही हसले. मी पाहिलेलं मला दिसलं नव्हतं, एवढंच आज म्हणता येतं.

मग ती दोन रविवार आली नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक म्हातारी बायबलबाई होती. चाळीस वर्षं ती गावोगाव पायी फिरून बायांना वचनं वाचून दाखवत आली होती. शनिवारी मी तिला सांगितलं, की उद्याच्या आत मला टोलीत जायला हवं.

"कोनं सांगतलं?"

"पुस्तकात आहे."

"हाव का? तुह्या इंग्रजी बुकात त्या टोलीचा रस्ता बी छापला हाये का?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "जाऊ नोको बेटी. आधी पोराईले इचार, का पोरगी काऊन नाई येऊन राह्यली. थे सांगतीन. मंग जाजो."

मुलांना विचारायचं म्हणजे त्यांच्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं, प्रश्न विचारायचा, ती हसली तर हसू द्यायचं. मला ते जमलं नसतं. पुस्तक ऐकणं सोपं होतं. त्याच दुपारी मी चपला घातल्या, गैरहजर मुलीसाठी एक नवं कार्ड घेतलं आणि नाला ओलांडला.

झोपडीच्या दारात तिची आई तूर पाखडत होती. बाप बाजेवर बसून दोर वळत होता. आत, अंधारात, मुलगी पाय पसरून बसली होती. पायाला हळदीचा लेप बांधलेला. काटा रुतला होता, पाय सुजला होता. बस, एवढंच कारण. आठ दिवसांनी ती आपोआप आली असती.

मी घोकून आणलेलं वाक्य म्हटलं, "दोन रविवार शाळेत आली नाही, म्हणून पाहायला आले."

आईचं सूप थांबलं. "कोनची शाळा जी? इतवारी तं थे शेन आनाले जाते."

तेव्हाही मला गप्प बसता आलं असतं. आजारी पोरीला पाहायला आले, दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी आहे, असं म्हणता आलं असतं. पण मी गोंधळले आणि कार्ड पुढे केलं. म्हणाले, "चर्चमधली. हिच्याकडे अशी आणखी असतील, बघा."

मुलीनं वर छपराकडे पाहिलं. एकच क्षण. बापानं तिची नजर पाहिली. तो उठला, त्यानं छपराच्या गवतात हात घातला आणि दोऱ्यानं बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. धुरानं कडा काळ्या झाल्या होत्या.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाप म्हणाला, "आमच्या टोलीत ठरलं हाये बाई, लेकरं तुमच्याकडे धाडाचे नाई. मी बी हाव म्हनलं होतं." त्यानं गठ्ठा माझ्या हातावर ठेवला. "हे तुमचं हाये. घेऊन जा जी." कोपऱ्यातून म्हातारी आजी त्यांच्या भाषेत एक वाक्य बोलली. हळू, जवळजवळ लाडात. ते ऐकून मुलीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचा अर्थ मला आजही माहीत नाही. चाल मात्र माहीत आहे. चुलीपुढे बसले असताना ती कधी कधी माझ्या मनात येते, शब्दांशिवाय.

महिन्याभरात कळलं, की तिला कारंज्याकडे मामाच्या घरी ठेवलंय.

वर्गाला सगळं आधीपासून माहीत होतं. पुढच्या ओळीतली तीच पोरगी मला म्हणाली, "बाई, तुमी आमाले काऊन नाई इचारलं?" त्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, नाव कमी करा. मी केलं नाही. प्रार्थनेच्या वेळी मी डोळे उघडे ठेवून डोकी मोजायचे, आणि कितीतरी रविवार एक डोकं जास्त यायचं. पुन्हा मोजलं की बरोबर यायचं. मागच्या कोपऱ्यात कुणी बसत नव्हतं. मी कुणाला तसं सांगितलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळीतल्या एका लग्नासाठी वडिलांबरोबर कारंज्याला गेले. परतताना मोटार स्टँडवर उभे होतो. नळाजवळ ती दिसली. उंच झालेली, कडेवर कुणाचं तरी मूल. शेजारी तिची आई; लेकीला भेटायला आली असावी. आईनं मला ओळखलं. डोळ्यांवर हात धरून ती पाहत राहिली, मग मुलीला म्हणाली, "थेच बाई व्हय ना व?"

माझ्या ओठांवर तिचं नाव आलं होतं. मला माफी मागायची होती. पाय बरा झाला का, एवढं तरी विचारायचं होतं.

मुलीनं माझ्याकडे सरळ पाहिलं. वचन म्हणताना पाहायची तशीच, न अडखळता.

"कोनती? मी नाई वळखत व माय. आपल्या बाई अशा नोयत्या."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती माझ्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ठरवणार होती, हे मला कळलं. ओळख पटली असती, तर मी पोरीच्या मागे कारंज्यापर्यंत आले, असंच तिला वाटलं असतं. मी वडिलांकडे वळले आणि मोठ्यानं, इंग्रजीत, मोटारीची वेळ विचारली. वडील चकित झाले. घरात मी त्यांच्याशी कधी इंग्रजी बोलत नसे. पण त्यांनी उत्तर दिलं. मी आणखी एक प्रश्न विचारला, आणखी एक. परक्या शहरातल्या परक्या बाईसारखी बोलत राहिले.

"शेहरातली दिसते," आई म्हणाली. दोघी निघाल्या.

खोटं बोलणं पाप आहे, हा धडा तिला मीच शिकवला होता. मोटार आली तरी मी जागची हलले नव्हते. त्या पोरीचं खोटं घरी पोचेपर्यंत टिकू दे, अशी मी प्रार्थना करत होते.