खंडेनवमीची साफसफाई

पालीच्या अलीकडे आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. माझ्या कॉम्प्युटर सेंटरात मात्र केबलचं नेट, आणि त्याचा मला भलताच तोरा. शेजारच्या वहिनींच्या लेकीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत नेमकी खंडेनवमीला, अकरा वाजता. "माझ्याकडे ये गो, मी आहे ना!" मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

आदल्या संध्याकाळी पूजेसाठी मुख्य मशीन उघडून पुसलं. त्यात दोन नेटवर्क कार्डं. एक बाहेरचं नेट आत घेतं, दुसरं सेंटरभर वाटतं. पूर्वी मशीन चालू होताना कधीकधी त्यांच्या नावांची अदलाबदल व्हायची आणि सगळा घोळ. नव्या सिस्टीममध्ये कार्ड ज्या खाचेत बसलंय त्यावरून त्याचं नाव ठरतं, म्हणजे ते कायम तेच राहतं. हे मीच पोरांना शिकवते! आणि मीच बाहेरचं कार्ड पुसून खालच्या खाचेत बसवलं, जरा हवा लागेल म्हणून. लगेच हार घालून मशीन पूजेला मांडलं, आणि पूजेतलं यंत्र वापरायचं नसतं, तेव्हा चालू करून बघायचंही राहिलं.

सकाळी फक्त मुलाखतीपुरता झेंडूचा हार बाजूला करून मशीन चालू केलं. नेट नाही. पोरगी नवा ड्रेस घालून रिकाम्या स्क्रीनसमोर बसलेली. मशीनकडे बघायचं सोडून मी वाडीभर केबलवाल्याला शोधत फिरले. भेटल्याबरोबर ओरडले, "मेल्या, सणाला तरी लाईन नीट ठेव!" तो बिचारा धावत आला, तपासून म्हणाला, "काकी, लाईन चालू आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खाच बदलली, नाव बदललं, आणि माझी सेटिंग जुन्या नावावर. दोन मिनिटांचं काम होतं. पण बारा वाजून गेले होते, आणि मुलाखतवाले पुन्हा वेळ देईनात.

मी सगळं सांगितलं, केबलवाल्याचीही माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, मुद्दाम केलंत का?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याला पोरगी सोनं द्यायला आली. माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून पाया पडली. मग दुसरं पान तिने मशीनवर ठेवलं.

"यालाही देते, काकी. याचं काही चुकलं नव्हतं."