मालाचं विमान आणि आमचे बाबा

पायलट म्हटलं की लोक हवेतले किस्से मागतात. वादळ, बंद पडलेलं इंजिन, असलं काहीतरी. माझ्याकडे ते नाहीत, आणि नाहीत तेच बरं! माझे सगळे किस्से जमिनीवरचे, नोकरी लागायच्या आधीच्या सहा महिन्यांतले. मी एक सांगायला घेतला की आई आतून दुसरा आठवून देते. असं करता करता ढीग झालाय.

कारण आमचे बाबा. त्यांची बत्तीस वर्षं जकात नाक्यावर ट्रक तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर आम्ही परळहून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहायला आलो. नाका सुटला, संशय काही सुटला नाही. कांद्याची पिशवीसुद्धा ते खालून दाबून बघायचे.

आणि मी चोवीस वर्षांचा, कमर्शियल लायसन्स घेऊन दोन वर्षं घरी बसलेला. प्रवासी विमानांच्या कंपन्या अर्जाला उत्तरही देत नव्हत्या. अशात एका नव्या कार्गो एअरलाइनची जाहिरात आली. ही संधी गेली तर पुढे काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

* * *

जाहिरात बाबांनी तीनदा वाचली.

“यात प्रवासी कुठेत?”

“नसतात बाबा. फक्त माल.”

“एकसुद्धा नाही?”

“नाही.”

बाबांनी पेपरची घडी घातली आणि आईकडे बघून म्हणाले, “प्रवासी नाहीत म्हणजे साक्षीदार नाहीत!”

* * *

उत्तनजवळच्या चौक गावचा सावियो माझ्याबरोबरच विमान चालवायला शिकला. त्यानेही अर्ज केला होता. मला वाटलं, निदान त्याच्या घरी तरी आनंद असेल. गेलो तर त्याचे पप्पा दारात जाळं शिवत बसले होते. आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. त्यांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला.

“विमानात बरफ हाय का?”

“न्हाय पप्पा,” सावियो म्हणाला.

“मंग ती कंपनी टिकत न्हाय!”

परत निघालो तेव्हा सावियो रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला आला. शेवटी म्हणाला, “सम्या, बर्फाचं एकदा विचारून घेऊ या का रे?”

* * *

इंटरव्ह्यूचं पत्र आलं. ऑफिस अंधेरीला. आदल्या दिवशी सकाळी बाबा “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून बाहेर पडले, ते दुपारी तीनला उगवले. पाय मोकळे करायला अंधेरीला गेले होते! ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसून आले.

“अकरा माणसं आत गेली,” बाबांनी रिपोर्ट दिला. “अकराच्या अकरा रिकाम्या हातांनी. म्हणे मालाची कंपनी!”

“बाबा, माल एअरपोर्टवर जातो. ऑफिसात कशाला येईल?”

“असं ते सांगतात.”

* * *

इंटरव्ह्यूला समोर तिघे. मधले कॅप्टन पांढऱ्या मिशांचे, हसायचं नाही असं ठरवून आलेले. त्यांनी विचारलं, “माल चढलाय. नीट बांधलाय असा कागद लोडरने सही करून दिलाय. उशीर झालाय. तुम्ही काय कराल?”

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

“सर, मी मागे जाऊन स्वतः बघेन.”

“लोडरची सही असून?”

“सही आहे म्हणूनच, सर!”

कॅप्टन पहिल्यांदा हसले. “हे कुठे शिकलास?”

“घरी, सर.”

बाहेर आल्यावर सावियोला हे सांगितलं. तो म्हणाला, “मलापण तेच विचारलं. मी बोललो, सहीवर विश्वास ठेवीन. मेलो!” मेला वगैरे नाही. त्यालाही घेतलं, फक्त माझ्यानंतर दोन महिन्यांनी.

* * *

ऑफर लेटर आलं त्या दिवशी आईने शिरा केला. बाबांनी शिऱ्याला हात लावला नाही. ते पत्र खिडकीत धरून उजेडात बघत होते. मग त्यांनी पत्रावरचा नंबर फिरवला.

“हे पत्र तुम्हीच पाठवलंत का?”

पलीकडची मुलगी हो म्हणाली असावी.

“कशावरून?”

पाच मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. तीच मुलगी. तिला आमच्या घरातून एक संशयास्पद फोन आला होता आणि मी खरा की खोटा, याची तिला खात्री करून घ्यायची होती!

* * *

सोसायटीत बातमी पसरली. सेक्रेटरी मेहताभाई पेढ्यांऐवजी एक खोकं घेऊन आले. “समीरभाई, आप तो अब कार्गो में हो. बैंगलोर में बेटी है, खाखरा है, बस.”

मी जॉइनसुद्धा झालो नव्हतो. पण मेहताभाईंची पाठ वळताच बाबांनी खोकं सोफ्यावर घेतलं. वर खाखरा. मध्ये खाखरा. तळाशी खाखरा. बाबांचा चेहरा अजूनच गंभीर झाला.

“इतका सरळ माणूस मी नाक्यावर एकदाही बघितला नाही,” ते म्हणाले. “लक्ष ठेवायला पाहिजे.”

* * *

राहिलं होतं फक्त पोलीस व्हेरिफिकेशन. त्याशिवाय एअरपोर्टचा पास नाही, आणि पासाशिवाय नोकरी नाही. एका सकाळी हवालदार घरी आले. बाबांनी आधी त्यांचंच ओळखपत्र मागितलं आणि दोन्ही बाजूंनी बघितलं. मी आतल्या खोलीच्या पडद्याआडून बघत उभा.

हवालदारांनी नाव, शिक्षण, जुना पत्ता, सगळं लिहून घेतलं. शेवटी पेन टेकवून सवयीने विचारलं, “मुलाबद्दल काही संशयास्पद, काका?”

कुठलाही बाप या प्रश्नाला प्रश्न संपायच्या आत “छे छे” म्हणतो. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चहाचा ट्रे घेऊन आलेली आई दारातच थांबली. दोन वर्षांची वाट, हा एकच कॉल, आणि सगळं आता या माणसाच्या जिभेवर!

हवालदारांनी मान वर केली. “काका?”

“चोवीस वर्षं तपासतोय साहेब,” बाबा म्हणाले. “काही सापडलं नाही. लिहा तसं.”